उंदरांनी खाल्लेलं पान

एलिफेत मास्तरांचं नाव काढा, रावीन-सेशमध्ये कुणीही सांगेल, "माणूस देवासारखा, पण पोरांना वाचायला शिकवणं काही त्याला जमलं नाही." हे ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. जमलं नाही म्हणे! जमलं होतं. एका पोरीला तर इतकं जमलं होतं की त्यातच तिचं वाटोळं झालं.

मी शाळेची स्वयंपाकीण. नाव फिलोमिज, पण पोरं मला मान फिलो म्हणतात, म्हणजे फिलोआई. मास्तर मला कोमे म्हणतात, कारण त्यांच्या मुलाची मी धर्ममाता, बाप्तिस्म्याच्या दिवशी मीच त्याला हातावर धरलं होतं. तो मुलगा आता चिलीत विटा वाहतो. त्याची आई त्याच्याही आधी सरहद्दीपलीकडे शेजारच्या देशात डोमिनिकनांच्या घरी धुणीभांडी करायला गेली, ती तिकडचीच झाली. तेव्हा मास्तर जेवायचे माझ्या चुलीपाशी. पोरांचं आटोपलं की पातेल्याच्या तळाला लागलेला करपट भात मी त्यांना खरवडून द्यायची. तोच आवडतो म्हणायचे.

आमच्या शाळेत वाचन म्हणजे आवाज. पास्टर नाझोंच्या चर्चमागची पत्र्याची शेड, तिच्यात तीन वर्ग, मध्ये भिंत म्हणून एकेक फळा. असल्या शाळेला आमच्याकडे लोक लॉटरीची शाळा म्हणतात, लागली तर लागली. सकाळी मास्तर पट्टीनं टेबल ठोकणार आणि पोरं डोलत डोलत फ्रेंच पुस्तक म्हणणार. पुस्तक वर्गाला एक. ज्याच्या हातात असेल त्यानं पानं उलटायची, बाकीच्यांनी ओरडायचं. घरी क्रेओल, बाजारात क्रेओल, भांडण क्रेओलमध्ये, देवापुढे रडायचं तेही क्रेओलमध्ये. शाळेत मात्र फ्रेंच, कारण घरचीच बोली शिकायला फी कोण भरेल?

मीही लहानपणी त्याच शेडमध्ये डोललेली आहे. अक्षर एक ओळखत नाही, पण त्या पुस्तकातलं एक पान मला अजून तोंडपाठ आहे. भांडी घासता घासता म्हणते. ऐकायला फार गोड. इतकी वर्षं मला वाटायचं त्यात देवाबद्दल काहीतरी असणार. मग एकदा मास्तर हसत म्हणाले, "कोमे, त्यात बर्फ पडतोय आणि एक म्हातारी खिडकी लावून घेतेय."

बर्फ! अहो, मी ते माझ्या आईच्या मयताला म्हटलं होतं. आख्खा गाव रडला होता.

मास्तरही आधी तसेच पट्टी ठोकणारे. उगाच त्यांना मोठं करत नाही मी. वर्षानुवर्षं ठोकली त्यांनी, आणि पोरं घडाघडा बोलतात म्हणून त्यांचीही छाती फुगायची. मग एका ऑक्टोबरात शाळा उघडली तर पुस्तकाला उंदीर लागलेले. फार नाही, एकच पान गेलं होतं, नेमकं तेच बर्फाचं. शिवणीपाशी कुरतडलेली एक पट्टी तेवढी उरली होती. मास्तरांनी ते तोवर पाहिलं नव्हतं. वर्ग डोलतोय, पुस्तक एका पोराच्या हातात, पोरगा ओळीवर बोट फिरवतोय. त्यानं पान उलटलं, त्या पट्टीवर बोट ठेवलं आणि बर्फाचं पान पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचून टाकलं. मग पट्टी उलटून पुढचं पान. ना तो अडखळला, ना वर्ग.

मास्तर स्वयंपाकघरात आले ते हसतच. मला सगळं सांगितलं, मीही हसले. मग बघते तर ते पायरीवर बसलेले, आणि भात तसाच.

"कोमे," म्हणाले, "माझ्या वर्गात एकालाही वाचता येत नाही."

"मग सकाळपासून काय करत असतात मेले? माझे कान किटतात."

"तेच तर. गेल्या वर्षीच्या पोरांनाही येत नव्हतं. त्याच्या आदल्या वर्षीच्यांनाही."

मी म्हटलं, "मास्तर, गिळा मुकाट्यानं. थंड झाला की दगड होतो तो." पण त्यांनी ताट बाजूला सारलं. त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात किडा शिरला.

मास्तर स्वतः वाचायला शिकले होते ते शाळेत नव्हेच. सोळा-सतरा वर्षांचे असताना ओकाय शहरातल्या बंदराच्या धक्क्यावर पोती उतरवायचे. कुठलं पोतं कुठल्या गोदामात हे पोत्यावरच्या अक्षरांवरून ठरायचं, आणि चुकलं की मुकादम पेकाटात लाथ घालायचा. साखर, पीठ, सिमेंट, असं एकेक नाव डोळ्यांत बसलं, मग अक्षरं सुटी झाली, मग ती दुसरीकडेही दिसायला लागली. म्हणून त्यांना वाटलं, पोरांनाही पोत्यापासूनच सुरुवात करू. पास्टरच्या घराचं बांधकाम चालू होतं. मास्तर सिमेंटच्या रिकाम्या कागदी पिशव्या झटकून आणायचे आणि कापून, दोऱ्यानं शिवून लहान लहान पुस्तकं करायचे. दुपारच्या जेवणानंतर अर्धा तास एकेका पोराला विचारायचे, "बोल, काय सांगतोस?" पोरगं जे बोलेल ते क्रेओलमध्ये त्याच्या पुस्तकात लिहायचे, अक्षर मोठं, आणि म्हणायचे, "हे तू बोललास. आता तूच वाच."

पोरांना आधी खरंच वाटेना. आपलं बोलणं पुस्तकात? एकानं सांगितलं, "माझा बाप घोरतो." मास्तरांनी लिहिलं. वर्ग असा हसला की पलीकडचा वर्ग बंद पडला.

त्यांच्यात एक द्यूला होती. काटकुळी, गुडघे कायम खरचटलेले, केसांत एक रिबीन असायची, दुसरी हरवलेली. तिची आई ती लहान असतानाच गेली आणि मावशी ओक्सिलियानं तिला सांभाळलं. ओक्सिलिया वाईट बाई नाही, हे आधीच सांगते, कारण पुढं तुम्ही तिला शिव्या घालाल. स्वतःची चार पोरं, नवरा नसल्यातच जमा, केळ्यांच्या टोपल्या डोक्यावर घेऊन आठवड्याला तीन बाजार करायची. तिनं मास्तरांना वर्षाच्या सुरुवातीलाच बजावलं होतं. मी तिथंच मका निवडत होते.

"मास्तर, हे शेवटचं वर्ष. ओकाय शहरात माझ्या ओळखीची एक पैसेवाली माडाम आहे, घरात राहायला पोरगी मागतेय. जूनच्या समारंभात द्यूलानं सगळ्यांसमोर नीट वाचलं तर मी पोटाला चिमटा काढून पुढं शिकवीन. नाही वाचलं, तर जाऊ दे तिकडे. निदान जेवेल तरी."

तिकडे जाणं म्हणजे काय, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. पहाटे पाणी भरायचं, रात्री सगळ्यांच्या मागून जेवायचं, माडामची पोरं शाळेत निघाली की त्यांची दप्तरं उचलून दारापर्यंत द्यायची.

मास्तर म्हणाले, "वाचेल. मी शब्द देतो."

"शब्द नको. मला ऐकव म्हणावं तिला."

द्यूला वर्गात सगळ्यांत घडाघडा म्हणणारी होती, आणि म्हणूनच तिला वाचायला शिकवताना मास्तरांच्या नाकी नऊ आले. पुस्तक समोर धरलं की पोरीची नजर पत्र्याकडे आणि तोंड सुरू. मास्तर पुस्तकावर हात ठेवायचे. "काय दिसतं?" "तुमचा हात." "मग वाचतेस काय?" मग तिच्या सिमेंटच्या पुस्तकात लिहायचे ते शब्द मुद्दाम उलटसुलट करायचे. तिनं सांगितलेलं असायचं, "मावशीच्या बकरीनं पास्टरची टोपी खाल्ली," आणि मास्तर लिहायचे, "पास्टरनं मावशीची बकरी खाल्ली." पोरगी आपलं पाठ वाक्य ठोकून द्यायची. मास्तर म्हणायचे, "पुन्हा बघ." एकदा बघितलं, दोनदा बघितलं, आणि मग अशी किंचाळली हसून! धावत माझ्याकडे आली. "मान फिलो, पास्टरनं बकरी खाल्ली! तिथं लिहिलंय!"

"हळू बोल गं बाई, तुझ्या मास्तरची नोकरी खाशील."

मास्तरांनी तिला एकच नियम दिला होता. उठताबसता म्हणून घ्यायचे तिच्याकडून. "जे दिसतं तेच वाचायचं. जे नाही ते नाही."

मग तिला वेडच लागलं. माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवर मास्तरांनी कोळशानं मीठ, मका, घेवडा असं लिहून ठेवलं होतं, ते रोज येऊन वाचायची. तेलाच्या पिंपावरचं वाचायची. खारवलेल्या माशाच्या खोक्यावरचं वाचायची, एकेक अक्षर, इतकं सावकाश की माझा घेवडा खाली लागायचा. मी ओरडायची, "सरक तिकडे! एका शब्दाला जन्म घालवतेस!" तर म्हणायची, "थांब ना, येतोय तो." जसा काही शब्द टेकडी चढून येत होता. मलाही म्हणाली, "तुला शिकवू?" मी म्हटलं, "मला मीठ ओळखायला डबा उघडावा लागतो, तेवढं पुरे." पण मनातून बरं वाटायचं मला. ती येईपर्यंत मी ढवळत थांबायची, हे आता कबूल करायला काय हरकत आहे?

पण बघा कसं असतं. आधी पोरं न वाचता घडाघडा बोलायची. आता खरंच वाचायला लागली तर तोतरी वाटायला लागली. ओक्सिलिया एकदा केळी टाकायला आली आणि द्यूलानं कौतुकानं तिला खोक्यावरचं वाचून दाखवलं. ओक्सिलियाचा चेहराच उतरला.

"हे काय गं? गेल्या वर्षी पाण्यासारखी बोलत होतीस. जिभेला काय झालं?"

मास्तर म्हणाले, "ओक्सिलिया, गेल्या वर्षी ती पाठ म्हणत होती. आता वाचतेय."

"मास्तर, मी केळी विकते. पिकलेलं कुठलं आणि सडलेलं कुठलं ते मला कळतं. पोर मागं गेलीय."

बाकीच्या आयांनीही कुरकुर सुरू केली. सिमेंटच्या पिशवीवर शिकायला का आम्ही फी देतो? क्रेओल काय शिकवायची, ती तर कुत्र्यालाही कळते. पास्टर नाझोंनी मास्तरांना बोलावून घेतलं. पास्टर मोठे गोड बोलणारे, खांद्यावर हात ठेवूनच मान मुरगळणार.

"एलिफेत, दुपारी तुझे खेळ कर, माझी ना नाही. पण समारंभात फ्रेंच पुस्तक. दरवर्षीसारखं. लोक ऐकायला येतात, बघायला नाही."

मास्तरांनी मान्य केलं. करणार काय? शिवाय त्यांना खात्री होती. ज्याला वाचता येतं त्याला फ्रेंचही वाचता येईल, हळूहळू का होईना. वसंतभर त्यांनी द्यूलाला त्या पुस्तकावर बसवलं, शब्दाशब्दाचा अर्थ सांगून. मे संपता संपता ती फ्रेंचही बऱ्यापैकी वाचायला लागली. उंदरांनी खाल्लेल्या, पण पाठ असलेल्या पानाचाही अर्थ मास्तरांनी तिला तोंडी सांगितला. मला म्हणाली, "मान फिलो, त्या म्हातारीनं खिडकी का लावली ठाऊक आहे का? थंडी येत होती म्हणून!" तिला कोण आनंद झाला होता.

आता समारंभाची आमची रीत सांगते, कारण सगळं तिथंच बिघडलं. पोरं पांढऱ्या सदऱ्यात चर्चमध्ये पुढं रांगेत उभी राहतात. पुस्तक पहिल्याच्या हातात देतात. त्यानं एक पान वाचायचं आणि शेजाऱ्याला द्यायचं, त्यानं पुढचं पान, असं शेवटपर्यंत. रांग मास्तर लावतात. मास्तरांनी ती नीट विचार करून लावली होती. उंदरांनी खाल्लेलं पान येणार होतं लिफेनच्या वाट्याला. लिफेन म्हणजे पाठांतराचं पिंप, ढकललं की वाहायला लागतं. त्याच्या नंतर द्यूला, तिला पुढचं धडधाकट पान. सगळं चोख होतं.

त्या सकाळी रांगेच्या सुरुवातीचा एक पोरगा तापानं फणफणून घरी राहिला. एवढंच झालं.

मी दारात उभी होते, हातात लिंबाच्या सरबताची घागर. पुस्तक हातोहात येत होतं. एक पान, टाळ्या. दुसरं पान, टाळ्या. ओक्सिलिया पुढच्या बाकावर, डोक्यावर पिवळी हॅट, हात मांडीवर घट्ट धरलेले. मास्तर भिंतीशी उभे होते आणि चक्क हसत होते. मग लिफेननं पान वाचलं, आणि मी बघते तर मास्तरांचं हसू एकदम गेलं. एक पोरगा कमी. पानं सरकली होती. लिफेननं वाचलं ते आधीचं पान, आणि पुस्तक आता द्यूलाच्या हातात होतं.

तिनं पान उलटलं. त्या कुरतडलेल्या पट्टीकडे बघितलं. मग मास्तरांकडे बघितलं.

अहो, तिला ते पान पाठ होतं! माझ्यासारखंच, झोपेतून उठवलं तरी म्हणेल इतकं पाठ. रांगेतली पोरं कुजबुजून पहिला शब्द पुरवत होती. मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यासुद्धा ओठ हलवत होत्या, सगळ्यांना येतंच ते. माझ्या स्वतःच्या तोंडात आलं होतं. म्हण गं पोरी, मी मनात ओरडत होते, म्हण आणि सुट.

द्यूला क्रेओलमध्ये स्पष्ट म्हणाली, "मास्तर, इथं काही नाही."

आधी कुणाला कळलंच नाही. मग कुणीतरी खुदकन हसलं आणि सगळं चर्च हसायला लागलं. द्यूलानं पुस्तक वर केलं, पट्टी दाखवली. "नाहीये. पानच नाहीये."

मास्तर तीन ढांगांत पुढं आले. "पोर बरोबर बोलतेय," ते म्हणाले. "बघा, पान उंदरांनी खाल्लंय. तिला दिसलं! बाकी कुणाला वर्षभरात दिसलं नाही. हेच वाचन, हेच तर..."

"मास्तर, बसा," पास्टर गोड हसून म्हणाले. त्यांनी पुस्तक द्यूलाच्या हातातून घेऊन लिफेनला दिलं. लिफेननं पट्टीवर बोट ठेवलं आणि बर्फाचं पान असं खणखणीत म्हटलं की बायांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हातारीनं खिडकी लावली. टाळ्यांनी पत्रे हादरले. द्यूला रांगेत तशीच उभी, मोकळे हात पुढं धरून, जणू पुस्तक अजून हातातच आहे.

ओक्सिलिया उठली, हॅट नीट केली आणि बाहेर गेली. माझ्या शेजारून गेली पण सरबत घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तर तिच्याकडे गेले, मीही गेले सोबत. मला वाटलं, दोन बाया बोललो तर ऐकेल. ओक्सिलिया अंगणात कपडे पिळत होती. मास्तरांनी सगळं समजावलं. रांग, ताप, सरकलेली पानं, उंदीर. स्वतःचा पगार देऊन पोरीला शिकवीन म्हणाले. ओक्सिलियानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हे तिच्या पदरात घातलं पाहिजे.

"मास्तर," ती म्हणाली, "लहानथोर सगळ्यांना जे दिसलं ते एकट्या तिला दिसलं नाही. आणि तुम्ही म्हणता तिचे डोळे चांगले."

"अगं ओक्सिलिया," मी म्हटलं, "मला आंधळीलासुद्धा ते पान येतं! येण्यात काय आहे?"

"येतं ना? मग तिला का नाही आलं? तूच सांग."

ती पुढं म्हणाली, "मास्तर, तुमचा पगार पास्टर कधी देतात ते मला ठाऊक आहे. माझी चार आहेत. मला गाव हसला काल. माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी वाईट वाटलं. तिकडे निदान तिला कुणी उभं करून वाचायला लावणार नाही." आणि तिनं तोंड फिरवलं. ती रडत होती. मला तिचा राग आला आणि रागावताही येईना.

द्यूला कोळशाच्या ट्रकमधून गेली, पोत्यांवर बसून. मास्तर रस्त्यापर्यंत आले होते. तिनं विचारलं, "मास्तर, माझं चुकलं का?" मास्तर म्हणाले, "नाही." मग तिनं विचारलं, "मग मी का जातेय?" ट्रक हलला. ती पोत्यांवरची अक्षरं वाचत होती का रडत होती, मला धुरळ्यात दिसलं नाही.

त्यानंतर पास्टरनी मास्तरांना काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले, "झालं गेलं विसर, एलिफेत." नव्या वर्षी मास्तर सिमेंटची पुस्तकं सगळी उचलून माझ्याकडे घेऊन आले आणि चुलीशेजारी ठेवली. लाकडं ओली होती. मला वाटलं ठेवायला आणलीत. तर त्यांनी स्वतःच एक उचलून चुलीत घातलं. मी हात घालून काढायला गेले.

"राहू द्या कोमे. भात होऊ द्या."

"अहो, त्यात पोरांचं बोलणं आहे!"

"पोरांना कुठं हवंय? ह्या वर्षीच्या वर्गानं पहिल्याच दिवशी सांगितलं, मास्तर, आम्हांला द्यूलासारखं करू नका."

त्या दिवशीचा भात मी कुणाला कसा वाढला ते मला विचारू नका. तळाचा मास्तरांनी खाल्ला, नेहमीसारखा.

डिसेंबरात मी मसाला आणायला ओकाय शहरात गेले आणि मुद्दाम त्या माडामच्या गल्लीतून गेले. द्यूला नळावर होती, बादली भरत. उंच झाली होती, केस बारीक कापलेले. मला बघून हसली, पण लगेच मागं दाराकडे बघून घेतलं. मी तिला कसाव्याची भाकरी दिली, ती तिनं उभ्या उभ्याच संपवली. समोर एक रंगीत टॅपटॅप, माणसं वाहणारी गाडी, थांबली होती, तिच्या कपाळावर भलीमोठी अक्षरं, लाल-पिवळी, फुलांच्या वेलीत गुंफलेली. पूर्वी असलं काही दिसलं असतं तर पोरगी माझा पदर ओढून ओढून हैराण करती.

मी म्हटलं, "द्यूला, वाच गं, काय लिहिलंय त्या गाडीवर?"

तिनं गाडीकडे बघितलं. चांगलं बघितलं. मग बादली डोक्यावर घेतली आणि म्हणाली, "तिथं काही नाही, मान फिलो." आणि पाणी न सांडता आत गेली.

परत आले तर मास्तर पायरीवर वाट बघत बसलेले. ताट पुढं केलं तरी हात लावेनात.

"भेटली?"

"भेटली."

"वाचते का?"

खोटं सांगायचं ठरवून आले होते मी, सगळ्या वाटेनं घोळवत आले होते. पण माझ्या जिभेला हाड नाही. गाडीचं सगळं सांगून टाकलं. मास्तरांनी विचारलं, "कोमे, गाडीवर काय लिहिलं होतं?"

"मला काय विचारता?" मी खेकसले. "मला वाचता येतं का? असेल काहीतरी! नसेलही!" आणि ओरडता ओरडता मलाच रडू फुटलं, कारण त्या पोरीला "आहे की गं" म्हणून सांगायला तिथं मी एकटीच होते, आणि मला ते सांगता आलं नव्हतं.

घंटा झाली. मास्तर उठले, ताट तसंच ठेवून शेडमध्ये गेले. थोड्या वेळानं पट्टीचा आवाज यायला लागला, आणि मग पोरं, एका सुरात. बर्फ पडत होता, म्हातारी खिडकी लावत होती. मी डोळे पुसून मिठाचा डबा शोधला. त्यावरची कोळशाची अक्षरं अजून आहेत. मी डबा उघडला, बोट बुडवून चाखलं आणि मगच मीठ घातलं.